ज्याचं बोलणं, त्याला आधी ऐकवायचं

स्टेजमागे धुर्वे सरांनी मला थांबवलं आणि विचारलं, "सुना दिया न उन्हें?" मी म्हणालो, "हाँ, सर." ते खोटं होतं. मी कुणालाही काही ऐकवलेलं नव्हतं. सरांनी खांद्यावर हात ठेवला, पडदा जरा बाजूला केला आणि मी माइकसमोर गेलो. याहून मोठं खोटं मी पुढे बोललो असेन, पण दुसऱ्याच्या घरातल्या पाण्याशी खेळलेलं हे एकच. आता पन्नाशी गाठली आहे. मी स्वतः शाळेत शिकवतो, सरांचाच विषय, सरांचाच धडा. धडा जवळ आला की आठवडाभर आधीपासून माझं जेवणात लक्ष लागत नाही. बायको विचारते, काय झालं. मी म्हणतो, पेपर तपासायचेत.

आम्ही खमरियाला दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीत नळ. सकाळी भोंगा झाला की बाबा सायकल काढायचे. दिवसा रेंजवर चाचणी चालायची; धाड झालं की खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि मांडणीतल्या स्टीलच्या ताटल्या एकमेकींना लागून बारीक किणकिणायच्या. पाहुणे दचकायचे. आम्ही बोलता बोलता थांबायचोसुद्धा नाही. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी आमची विभागणी होती. आई वर्ध्याकडची. ती म्हणायची, "इथं मराठी बोलाले माणूस भेटत नाही, भिंतीशी बोलून राहिली मी." तिच्या हातची सांभारवडी क्वार्टरच्या सगळ्या लाइनीत प्रसिद्ध होती. कोथिंबीर निवडायला ती आम्हा भावंडांना बसवायची आणि तेवढ्यात पाढे म्हणून घ्यायची. अजूनही कोथिंबिरीचा वास आला की मला सतराचा पाढा आठवतो, आणि तो तेव्हासारखाच मध्येच अडतो.

वर्गात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, मी आणि राजरतन. त्याचे बाबा आणि माझे बाबा एकाच सेक्शनला. त्यांना क्वार्टर मिळत होतं, पण स्वतःचं छप्पर पाहिजे म्हणून त्यांनी वसाहतीच्या भिंतीपलीकडच्या बस्तीत, जिथे त्यांचे आईवडील आधीपासून राहायचे, घर बांधलं होतं. भिंतीला एके ठिकाणी खिंडार होतं. शाळा सुटली की आम्ही त्यातून पलीकडे जायचो, आणि इतर पोरांना कळू नये अशी काही गुप्त गोष्ट बोलायची असली की मराठीत बोलायचो. गुप्त गोष्टी मोजक्याच होत्या, पण मराठी पुष्कळ बोलायचो.

राजरतनच्या आईला मी शेवंताकाकू म्हणायचो. काकू मडक्यावरची लांब पोळी करायच्या. ते पीठ सैल असतं, जवळजवळ वाहतं. ते त्या दोन्ही हातांवर झेलत, उडवत, कोपरापर्यंत ताणत न्यायच्या आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर एका झटक्यात टाकायच्या. मी तोंड उघडं टाकून बघत बसायचो. "तोंड मिट, माशी जाईन," म्हणायच्या आणि पहिली पोळी मला द्यायच्या. राजरतन चिडायचा. "मी काय पोरका आहे काय?" "तू घरचा आहेस. घरच्याले शेवटची." पण ही पोळी रोज नसायची. त्या पिठाला पाणी फार लागतं आणि हात, मडकं, परात धुवायलाही लागतं. बस्तीत नळ नव्हता. बायका वसाहतीच्या फाटकाजवळच्या नळावर रांग लावायच्या, आणि तो बंद असला तर बस्तीच्या टोकाला असलेल्या जुन्या बावडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, जायच्या. "पाणी असलं की करीन," हे काकूंचं उत्तर ठरलेलं असायचं.

दिवाळीत काकू आमच्याकडे लांब पोळ्या पाठवायच्या. आई डबा हातात घेऊन भरभरून कौतुक करायची, आणि डबा परत पाठवताना त्यात सांभारवडी भरायची. पोळ्या आम्ही भावंडं फस्त करायचो. आईने त्यातली एखादी स्वतः खाल्ल्याचं मला आठवत नाही. तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. राजरतनचे लोक बौद्ध होते, आणि आमच्या घरी "आपण असलं काही मानत नाही" असं वारंवार सांगितलं जायचं. न मानणाऱ्याला इतक्या वेळा सांगावं का लागतं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

आता बावडीबद्दल सांगतो, कारण माझं तिच्यावर खरोखर प्रेम होतं. दगडी, खोल, एका बाजूने पायऱ्या उतरत गेलेली. काठाला जांभळाचं झाड. मे महिन्यात बाहेर अंगाची लाही होत असताना पाच-सहा पायऱ्या उतरलं की गार हवा लागायची आणि कबुतरांचा आवाज पाण्यावरून घुमून यायचा. आम्ही तिथे बसून अभ्यास केल्याचं घरी सांगायचो.

अकरावीत धुर्वे सर आले. मंडल्याकडचे, बारीक अंगाचे, खिशात कायम भाजलेले चणे. त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं, हे त्यांनी एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. सतत विकास, म्हणजे मराठीतला शाश्वत विकास, हा शब्द तेव्हा पुस्तकात नवीनच आला होता. सरांनी फळ्यावर व्याख्या लिहिली आणि म्हणाले, "ये रट लो, नंबर मिल जाएँगे. अब असली काम करते हैं." मग त्यांनी विचारलं, धरण चांगलं की वाईट? वर्गात गदारोळ झाला. कुणी म्हणालं वीज, कुणी म्हणालं जंगल, कुणी म्हणालं मासे. आम्हाला वाटलं, शेवटी सर उत्तर सांगतील; त्यांचं तर गावच गेलं. सरांनी चणा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अपनी बात तो सब बोल लेते हैं."

त्यांनी काम दिलं ते असं. प्रत्येकाने एक घर निवडायचं, स्वतःचं सोडून. तिथल्या माणसाला विचारायचं, की तुमच्या नातवंडांपर्यंत काय टिकलं पाहिजे आणि त्यासाठी काय बदललं पाहिजे. मग ते त्या माणसाच्या जागी उभं राहून, 'मी' म्हणून, वर्गात बोलायचं. नियम एकच होता. बोलण्याआधी ते त्या माणसाला ऐकवायचं. त्याने मान हलवली तरच वर्गात बोलायचं. नाही म्हणाला तर परत विचारायचं, परत ऐकवायचं.

तो महिना वर्गात धमाल होती. एकीने भेडाघाटच्या मूर्ती घडवणाऱ्याचं बोलणं आणलं. तो म्हणाला होता, दगड संपला तर पोरगा काय घडवेल, आणि दगड जपत बसलो तर पोरगा आज काय खाईल, तुझ्या सरांनाच विचार. एकाने सदरच्या छावणीतल्या एका फौजी कुटुंबातल्या बाईंचं आणलं: आमचं काहीच टिकत नाही भैया, पडदे लावून होतात की बदली येते, निदान शाळा तरी तीच राहू दे. एक जण प्राचार्यांचं घर घेऊन आला आणि "मुलांची शांतता टिकली पाहिजे" एवढंच बोलून खाली बसला. कुणाचंच दुसऱ्याशी जुळत नव्हतं, आणि सर त्यामुळेच खूश दिसायचे. "देखा? किताब में एक लाइन है. मोहल्ले में कितनी हैं?"

मी राजरतनचं घर निवडलं. मला बावडीवर बोलायचं होतं, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. जुनं पाणी, जुने दगड, पूर्वजांचं शहाणपण, असं सगळं डोक्यात तयार होतं. फक्त ते बोलणारं माणूस पाहिजे होतं. काकू मेथी निवडत होत्या. मी विचारलं, "काकू, बावडी टिकली पाहिजे ना?"

"बावडी?" काकू हसल्या. "माझी सासू तिथं पायऱ्यांवर उभी राहायची, माहीत आहे का तुले?"

"कशाला?"

"कशाले म्हणजे? पाण्याले हात लावू देत नव्हते बापा आमच्या लोकाईले. घागर घेऊन उभी राहायची. कोणी येऊन ओतून दिलं तर भरायची, नाही तर उभी. ऊन असो का पाऊस. मी लग्न होऊन आली तेव्हा ते बंद झालं होतं. पण सासू मरेपर्यंत त्या पायरीच्या खाली नाही उतरली. पायच नाही गेले तिचे." त्यांनी एक जुडी संपवली, दुसरी घेतली. "बावडी राहू दे, तिनं काय केलं कोणाचं. पण आधी नळ पाहिजे घरात. नळ काही विचारत नाही तू कोण म्हणून. माझ्या नातीले पाण्यासाठी कोणाच्या तोंडाकडं पाहावं लागू नये. तेवढं टिकलं पाहिजे. बाकी तुमचं पुस्तकातलं तुम्ही पाहून घ्या."

मी घरी आलो तेव्हा, खरं सांगतो, थोडा नाराज होतो. माझी बावडी हातातून निसटली होती.

तेवढ्यात शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात यातली निवडक बोलणी सादर करायचं ठरलं. पाहुणे म्हणून पाणीपुरवठ्यातले एक मोठे साहेब येणार होते. बस्तीने नळाच्या लाइनीसाठी त्यांच्याकडेच अर्ज दिला होता, आणि त्याच साहेबांच्या टेबलावर बावडी साफ करून सजवायची एक योजनाही पडून होती. हे मला माहीत होतं. राजरतनच्या बाबांनीच सांगितलं होतं, "मनोज, साहेबाच्या कानावर पडलं पाहिजे रे पोट्ट्या." काकूंना मी स्वतः आमंत्रण दिलं. त्या लाजल्या. "मी काय करू येऊन?" मग म्हणाल्या, "येतो म्हण सरले."

आईसमोर मी पूर्ण बोलणं म्हणून दाखवलं. सासूची गोष्ट आली तशी तिने गॅस बारीक केला. "हे काहून पाहिजे?" ती म्हणाली. "कार्यक्रम आहे. सगळे येतील, पूर्ण लाइन येईल. जुन्या गोष्टी उकरून कोणाचं भलं होते?" ती रागावून नाही बोलली. भाजी शिजेपर्यंत माझ्या शर्टाला बटण लावत होती. मी आईवर ढकलत नाही. तिने फक्त विचारलं होतं. काढून मी टाकलं. मलाही भीती होती, की त्या वाक्यानंतर हॉल गप्प होईल. मला टाळ्या पाहिजे होत्या.

मी काय केलं, ते आज वर्गात शिकवायची वेळ आली तर उत्तम उदाहरण होईल. मी एकही खोटी गोष्ट घुसवली नाही. सासू पायऱ्यांवर उभी राहायची, हे ठेवलं. का उभी राहायची, तेवढं गाळलं. मग त्या रिकाम्या जागेत मी गार हवा, कबुतरं आणि जांभूळ भरलं. ती सगळी माझी होती. नळाचं वाक्य तर आपोआपच गळलं, कारण ते त्यानंतर शोभेनासं झालं. काकूंचं मराठी मी हिंदीत नेलं आणि वाटेत काकूंना खाली उतरवून दिलं. त्यांना ऐकवायला गेलो नाही, कारण त्या मान हलवणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

हॉल भरला होता. पुढच्या रांगांत आई आणि शेजारच्या बायका. मागे, दाराजवळ, मी बसवून आलो होतो तिथे, काकू आणि राजरतन. काकू ठेवणीतल्या निळ्या साडीत. मी डोक्यावर पदरासारखा रुमाल घेतला आणि म्हणालो, "मेरी सास इन्हीं सीढ़ियों पर खड़ी रहती थी. इन पत्थरों ने उसका पसीना सुखाया है. यह बावड़ी मुझसे मत छीनो." शेवटी माझा आवाज भरून आला, आणि तो खरंच भरून आला होता. टाळ्या थांबेनात. साहेब उठले आणि माइकवर म्हणाले, की आज एका बस्तीच्या माँजीने आपल्याला रस्ता दाखवला आहे. आपण नळनळ करत बसतो आणि लोकांना काय हवंय ते ऐकतच नाही. बावडी वाचवली जाईल. पुन्हा टाळ्या. धुर्वे सरही टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना वाटत होतं की काकूंनी मान हलवली आहे.

बाहेर पोर्चमध्ये काकू भेटल्या. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आवाज मोठा आहे तुझा," म्हणाल्या, आणि हातातला डबा दिला. त्यात लांब पोळी होती, चौघडी घालून. माझ्यासाठी सकाळीच करून आणली होती. राजरतन सायकलचं कुलूप काढत होता. मी म्हणालो, "काय रे, कसं झालं?" तो वर न बघता म्हणाला, "अच्छा था भाई." हिंदीत. त्या दिवसापासून तो माझ्याशी मराठीत बोललाच नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. आम्ही एकाच बाकावर बसत राहिलो, एकमेकांच्या लग्नाला गेलो, आणि सगळं हिंदीत.

बावडी साफ झाली. गेरूचा रंग लागला, एक फलक लागला. नळाची लाइन दुसऱ्या मोहल्ल्यात गेली. राजरतनचे बाबा म्हणायचे, साहेबाला जे सोपं ते त्याने केलं असतंच, पोराचं नाव काहून घेता. असेलही. पण साहेबाने नाव माझ्या बोलण्याचं घेतलं होतं, आणि पुढे कित्येक उन्हाळे काकूंना डोक्यावर घागर घेऊन फाटकापासून घराकडे चालताना मी क्वार्टरच्या खिडकीतून पाहिलं आहे. त्या वर्षांत त्यांच्याकडे लांब पोळी झाली नाही. कुणी मला कारण सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता बस्तीत घरोघरी नळ आहेत, आणि उन्हाळ्यात ते कोरडे पडले की टँकर येतो. तेव्हा लोक बावडीकडे बघतात आणि म्हणतात, ही टिकवायला पाहिजे होती. गेरू उडाला आहे, आत प्लास्टिक तरंगतं. म्हणून हा धडा मला आजही कुणाच्या एका बाजूने शिकवता येत नाही. मी धुर्वे सरांसारखाच शिकवतो: घर निवडा, विचारा, ऐकवा. सर आता नाहीत. त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

यंदा हा नियम समजावत असताना एका मुलीने हात वर केला. "सर, आपने किसका घर लिया था?" मी सांगितलं, मित्राच्या आईचं. "और उन्हें सुनाया था?" वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "हाँ, बेटा." तोंडातून इतक्या सहज आलं, जणू मधली सगळी वर्षं ते तिथेच तयार बसलं होतं. ती मुलगी समाधानाने खाली बसली. 

त्याच रविवारी मी बस्तीत गेलो. राजरतनने जुन्याच जागी पक्कं घर बांधलं आहे. काकू दारात खुर्चीवर बसल्या होत्या. नजर कमी झाली आहे, पण आवाजावरून ओळखलं. "मन्या का रे? किती दिवसांनी!" आतून राजरतन म्हणाला, "आओ भाई, बैठो." स्वयंपाकघरात त्याची मुलगी नळाखाली भाजी धूत होती, पाण्याचा आवाज बाहेर येत होता.

"काकू," मी म्हणालो, "तुम्हाला एक ऐकवायचं होतं. तेव्हा राहिलं."

"काय?"

"शाळेतलं. तुमचं बोलणं."

"ते बावडीवालं?" त्या हसल्या. म्हणजे लक्षात होतं. "आता? चलो, ऐकव."

मी ऐकवलं. ते मला अजून पाठ आहे, रुमालाच्या जागेसकट. त्या दारात बसून ते म्हणताना मला माझाच आवाज ऐकवेना, पण मी शेवटपर्यंत म्हटलं. काकूंनी एकदाही अडवलं नाही.

"हे माझं नोहे," त्या म्हणाल्या.

"नाही."

"उभी राहायची, हे खरं. काहून उभी राहायची, ते खाल्लं तू."

"हो."

"माहीत होतं तुले. मीच सांगितलं होतं."

"हो, काकू."

"मग?"

या 'मग'चं उत्तर मी किती वर्षं शोधत होतो, पण ते शोधायला लागत नाही, नुसतं बोलायला लागतं. "पुढे आई बसली होती. सगळी लाइन बसली होती. मला टाळ्या पाहिजे होत्या."

 त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मी सासूसाठी आली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, इतक्या लोकाईत आज तिचं नाव निघते. आता म्हण बरोबर."

मी म्हणालो. सासू पायऱ्यांवर उभी राहायची, कारण तिला पाण्याला हात लावू देत नव्हते. मला घरात नळ पाहिजे. माझ्या नातीला पाण्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये. तेवढं टिकलं पाहिजे. मी थांबलो.

"आणि बावडी?" काकू म्हणाल्या. "बावडी बुजवा नव्हतं म्हटलं मी. आधी नळ, मग बावडीही. तेही टाक."

मी तेही टाकलं, आणि पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. काकूंनी मान हलवली.

राजरतन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. कधी आला, मला कळलं नव्हतं. नळाचा आवाज थांबला होता. तो माझ्याकडे बघत म्हणाला, "आणि माझं काय बे?"

मराठीत. मी उठून उभा राहिलो.

"राजू," मी म्हणालो, "तुझ्या आईला मी घरी येऊन बोलावलं, मागे बसवलं, आणि तिच्यासमोर तिचंच बोलणं तोडून टाळ्या घेतल्या. तू ते बघत होतास, हे मला स्टेजवरून दिसत होतं. तरी मी बोलत राहिलो. चुकलं माझं. तुझंही, आणि काकू, तुमचंही. मला माफ करा."